लोकर कुठे कुठे असते

३ फेब्रुवारी

ताई,

अक्षराला हसू नकोस. लॅपटॉप गेलाय, म्हणून हाताने लिहितेय. गेलाय म्हणजे मीच मारला त्याला. झालं असं, की मी वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर करत बसले होते. ‘दार नीट बंद झाल्याची खात्री करा’, असली वाक्यं, सकाळपासून. तेवढ्यात एक मातकट पाखरू आलं आणि पडद्यावर बसलं, बरोब्बर मधोमध. आता हे लक्षात घे, की त्याच सकाळी मी माझा करडा कोट कपाटातून काढला होता आणि बाहीतून बोट आरपार बाहेर आलं होतं. एक भोक असतं तर गप्प बसले असते. चाळणी झालीय गं! कसर लागलीय, आणि कधीची लागलीय देव जाणे. डोकं आधीच फिरलेलं, हातात जाडजूड शब्दकोश. घातला. पाखरू मेलं, पडदाही मेला. आता अर्ध्या पडद्यावर काळा डाग आहे आणि बाकीच्या अर्ध्यात हिरव्या रेघा थरथरतायत.

तू म्हणशील फोन कर. तुझ्या धुलाईच्या दुकानात फोन केला की मागे मशीन घरघरत असतं, तू ‘हं हं’ करतेस, आणि मधेच ‘नाही हो, डाग जाणार नाही’ म्हणतेस. ते मला की गिऱ्हाइकाला, तेच कळत नाही. पत्रच बरं.

कसर घरभर आहे. बाबांचा मफलर, आईची जुनी शाल, माझे दोन्ही स्वेटर. मी दोन दिवस नुसती कपाटं उघडतेय आणि आपटतेय. बाबा खुर्चीत रेडिओ लावून बसलेले असतात. काही विचारलं की ‘काय?’ म्हणतात. परत विचारलं की परत ‘काय?’ ऐकू येत नाही म्हणतात हल्ली. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर ‘वयाने होतं’ म्हणून विषय बंद. पियानोही बंद, ते तर तुला माहीतच आहे. मागच्या वर्षीच्या त्या झटक्यानंतर डावा हात चांगला सुधारलाय, बाटलीचं झाकण सुद्धा उघडतात. हॉस्पिटलमधून आल्यावर चार दिवस वाजवलंही होतं. मग एक दिवस पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. शिकायला येणाऱ्या मुलांना ‘दुसरीकडे जा’ म्हणून सांगून टाकलं. सूर लावायला ट्यूनर यायचा, त्यालाही नको म्हणाले.

ऑफिसला एक उत्तर द्यायचं होतं, तेही राहिलं. लॅपटॉपच नाही तर कुठून देणार. असो. काहीतरी उपाय सांग. तुझा धंदाच आहे हा.

तुझी
भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र वाचून आधी पोटभर हसले. मग तुझ्या भावजींना वाचून दाखवलं, तेही हसले, आणि मग म्हणाले, ‘पण हिचं काहीतरी बिनसलंय.’ ते पुढे बघू. आधी धंद्याचं.

एक, तू निरपराध जिवाला मारलंस. कसरीचं पाखरू उजेडाकडे फिरकत नाही. दिवा लागला की ते अंधाराकडे पळतं. पडद्यावर येऊन बसलेलं तुझ्या पिठाच्या डब्यातलं असणार. म्हणजे पिठाचे डबेही बघ.

आणि पाखरू कपडा खातच नाही, त्याला तोंडच नसतं म्हण ना. खाते ती अळी. अळी अंधारात, न हललेल्या कपड्यात, कॉलरखाली आणि शिवणीत बसते. तेव्हा सगळं बाहेर काढ, झटक, उन्हात टाक, ब्रश मार. मग एकेक कपडा पिशवीत घाल, हवा काढून तोंड घट्ट बांध आणि फ्रीजरमध्ये ठेव. एक दिवस नाही हं, चांगले आठ-पंधरा दिवस. अळी थंडीने मरते, औषधापेक्षा हे बरं. डांबरगोळ्या टाकू नकोस, बाबांना खोकला होईल आणि कसर आरामात राहील.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कपडे कितीही धुतलेस तरी मूळ जागा सापडली नाही तर कसर परत येते. माझ्याकडे बायका रडत येतात, ‘सगळं स्वच्छ केलं हो, तरी आली.’ मी त्यांना सांगते, घरात लोकर कुठे कुठे असते ते बघा. लोकर म्हणजे फक्त स्वेटर नव्हे. गालिचाची कपाटाखाली गेलेली कड. जुनी टोपी. खिडकीवरचं पक्ष्याचं रिकामं घरटं. इस्त्रीच्या फळीखालची घोंगडी. जिथे कुणी हात लावत नाही तिथे जा.

आता तुझं. फोनवरून मेल पाठवता येते हे मला, एका धोबिणीला, माहीत आहे. तुला माहीत नाही असं मी धरून चालू का? तुझ्या पत्रातलं एक वाक्य धड पुरं होत नाही, सगळी उड्या मारतायत. लहानपणी तू खोटं बोलायला लागलीस की खोलीभर फिरायचीस, म्हणून तर भिंगरी नाव पडलं. काय लपवतेयस?

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तू पोलिसात जायला हवं होतंस.

आधी कसर. फ्रीजर उघडलं की आता नुसते कोट. बर्फाला जागा नाही. काल बाबा पाण्यात घालायला बर्फ काढायला गेले आणि हातात पिशवीतला मफलर आला, लाकडासारखा ताठ. त्यांनी तो टेबलावर ठेवला, त्याच्याकडे बघितलं, आणि कोमट पाणी पिऊन खुर्चीत जाऊन बसले. पूर्वीचे बाबा असते तर अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल एवढे ओरडले असते. मला ते ओरडणं हवं होतं गं.

मूळ जागा काही सापडत नाही. गालिचा उलटा केला. कपाटं भिंतीपासून ओढली, कंबर धरली. आईची टोपीची पेटी, माझी शाळेतली कापडी बाहुली, इस्त्रीची फळी, सगळं बघितलं. पक्ष्याचं घरटं नाही. पिठाचे डबे फेकले, तिथे तुझी पाखरं होती, तू जिंकलीस. पण संध्याकाळी दिवा लावायच्या आत बैठकीच्या खोलीत दोन-तीन तरी बारीक, सोनेरी, भुरभुर पळणारी दिसतातच. कुठून येतात? रोज सगळीकडे झाडते. पियानोखाली तर रोज लाल वाळूसारखी पूड पडलेली असते, ती वेगळीच कटकट. भिंत पोखरतेय की काय कोण जाणे. घरमालकाला सांगायला हवं.

लॅपटॉपवाला म्हणतो पडदा बाहेरून मागवलाय, ‘येईल, येईल.’ मी वाचनालयातल्या कम्प्युटरवर काम करतेय. त्याची एक कळ रुतून बसते आणि शेजारी एक आजोबा शब्दकोडं मोठ्याने सोडवतात.

आता ऐक. बाबांचा काळा कोट काढला. कार्यक्रमाचा. पाठ पूर्ण खाल्लीय. आठवतं ना, त्या कोटाची इस्त्री त्यांना कधी कुणाची आवडली नाही, स्वतः करायचे. घाबरत घाबरत त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाले, ‘टाकून दे. आता कुठे घालायचाय.’

मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तर लपवतेय ते हे. मुख्य ऑफिसने मला तिकडे बोलावलंय, दुसऱ्या शहरात. सगळ्या माहितीपुस्तकांचं काम माझ्या हाताखाली. मार्चअखेर हो की नाही सांगायचंय. मला जायचंय, ताई. लिहूनच टाकते, मला जायचंय, फार जायचंय. आणि बाबांना अशा अवस्थेत खुर्चीत टाकून मी कशी जाऊ? सकाळी वाटतं जावं, दुपारी वाटतं मी किती दुष्ट आहे, संध्याकाळी कपाटं आपटते. बाबांना यातलं काही कळता कामा नये. तू त्यांना बोलू नकोस. शपथ आहे.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी निर्णय घेतला. तू रागावशील, म्हणून आधीच सांगते, बाबांना वेगळं पत्र टाकलंय. तुझ्या नोकरीबद्दल त्यात एक अक्षर नाही, शपथ पाळलीय. एवढंच लिहिलं की आमच्याकडे राहायला या. दुकानाच्या वरची मागची खोली रिकामीच आहे, ऊन येतं, खाली माणसांची ये-जा असते. करमेल त्यांना.

पियानो मात्र आमच्या जिन्यातून चढणार नाही. तेही लिहिलं. बंदच पडलाय तर घरात अडगळ कशाला, एखाद्या शिकणाऱ्या मुलीला द्या, म्हटलं.

तू दुष्ट बिष्ट काही नाहीस. मी लग्न करून आले तेव्हा कुणी मला दुष्ट म्हटलं होतं का? तू राहिलीस म्हणून मी इतकी वर्षं निर्धास्त होते. आता माझी पाळी. साधा हिशोब आहे.

काळा कोट टाकू नकोस. माझ्याकडे पाठव. आमच्याकडची रफूवाली बाई म्हणजे जादू आहे, पण धाग्याला धागा मिळायला वेळ लागतो. पिशवीतून काढू नकोस, तशीच बांधून पाठव, नाहीतर माझ्या दुकानात कसर सोडशील आणि तुझे भावजी मला घराबाहेर काढतील.

ताई


१ मार्च

ताई,

हे काय करून ठेवलंस तू!

मला विचारायचं तरी होतंस. तुझं पत्र आलं, बाबांनी वाचलं, घडी घातली आणि रेडिओखाली ठेवलं. मी वाट बघत होते, आता भडकतील, मग भडकतील. जेवताना शांतपणे म्हणाले, ‘थोरली बरोबर सांगते. ट्यूनरकडून गिऱ्हाईक बघ पियानोला.’ जसं काही जुनं टेबल विकायचंय!

मग मीच भडकले. तुमचा पियानो, आईने दागिने मोडून घेतलेला, असा कुणालाही द्यायचा? तुम्ही वाजवत का नाही? हात तर चांगला चालतो! त्यांनी ताट बाजूला सारलं. मग सांगितलं. ताई, हे त्यांनी मला वर्षभर सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलमधून आल्यावर वाजवायला बसले, तर पट्ट्या खडखडायला लागल्या. बोटं कशीही आपटतायत, म्हणाले, एक पट्टी खोल जाते, एक वरच राहते, हातातलं वजनच गेलंय. त्याचं एवढं वाटलं नाही. पण सूर थांबेनात. बोट उचललं तरी सूर वाजतच राहतो, एकात एक मिसळतात, सगळा नुसता गोंगाट. ‘हात गेला असता तर शिकवलं असतं,’ म्हणाले. ‘कान गेले. कान गेल्यावर काय शिकवायचं?’

मी म्हटलं, अहो पियानोच बिघडला असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत सात वर्षांची झाले. ‘वाद्याला दोष द्यायचा नाही.’ तुला तर पाठ असेल ते वाक्य. पट्टी अडकते म्हणालीस म्हणून तुला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं ना? एवढ्याशा पोरांना जे म्हणू दिलं नाही, ते स्वतःला कसं म्हणू देतील!

आता ते तुझ्याकडे यायला तयार आहेत. म्हणजे मी मोकळी. म्हणजे मला आनंद व्हायला हवा. होत नाहीये. ते येणार नाहीत गं तुझ्याकडे, तू फक्त त्यांची खुर्ची आणि रेडिओ नेशील.

कोट आज पाठवला. ट्यूनरला फोन केलेला नाही. पियानोखालची लाल पूड आज दोनदा झाडली. मी काहीतरी झाडत नसले की मला भीती वाटते.

भिंगरी


६ मार्च

भिंगरे,

पियानो विकू नका. कुणालाही फोन करू नकोस. हे पत्र वाचून झालं की उठ.

तुझा कोट आला. मी पिशवी मागच्या अंगणात कागदावर उघडली आणि झटकली. कागदावर पूड पडली, बारीक, वाळूसारखी. काळी. मी ती रोज बघते, अगं. निळ्या कोटातून निळी पडते, करड्यातून करडी. अळी ज्या रंगाची लोकर खाते त्या रंगाची तिची विष्ठा. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत असते, आणि तू दोनदा लिहिलंस, लाल पूड, लाल पूड, आणि मी मेली भिंतच समजले! बाबांना कुठल्या खोलीत ठेवायचं या नादात होते.

घरात लाल लोकर कुठे आहे? ट्यूनर यायचा तेव्हा तू पाळण्यात होतीस, मी त्याच्या मागे उभी राहून बघायचे. पियानोच्या आत सगळी लोकर आहे. दाबून कापडासारखी केलेली, जाड, तिला नमदा म्हणतात. पट्ट्यांच्या मागे लांब लाल पट्टा. प्रत्येक पट्टीखाली लोकरीची चकती, म्हणून पट्टी खडखडत नाही. तार वाजवणाऱ्या हातोडीच्या तोंडाला लोकर. आणि बोट उचललं की तार गप्प करणाऱ्या छोट्या गाद्या असतात ना, त्याही लोकरीच्या. त्या खाल्ल्या गेल्या तर सूर थांबेल कसा?

बाबा हॉस्पिटलमध्ये होते ते तीन महिने तो बंद होता, अंधार, कुणी हात लावत नाही. कसरीला आणखी काय हवं!

समोरची फळी काढ. वरून दोन खिट्ट्या आहेत, आतल्या बाजूने. बाबांना विचारू नकोस, पण बाबांच्या समोर काढ.

ताई


११ मार्च

ताई,

अक्षर आज आणखी वाईट आहे, समजून घे.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून पियानोकडे गेले. झाकण उघडलं, तशी खुर्चीतून आवाज, ‘काय करतेस?’ मी आत हात घातला. खिट्टीपर्यंत बोट पोचेना. बाबा उठून आले, माझा हात धरला, म्हणाले, ‘राहू दे. विकायचाय ना, गिऱ्हाईक उघडेल.’ मी म्हटलं, बाबा, आजच्या दिवस मला वाद्याला दोष देऊ द्या. मग हवं तर भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

त्यांनी हात सोडला.

फळी काढली आणि आतून भुरभुर भुरभुर, सोनेरी, सगळी अंधाराकडे पळणारी. मी किंचाळले. आत काय होतं ते सांगवत नाही. तो लाल पट्टा नुसती जाळी झालाय. हातोड्यांची तोंडं टक्कल पडल्यासारखी. गाद्या तर जागच्या जागी कुरतडून संपलेल्या. आणि सगळीकडे ती लाल पूड.

बाबा वाकले. डावा हात आत घातला, तोच, आजारी. बोटांनी एकेक गादी चाचपत गेले. मला वाटलं रडतील. आणि मग ताई, ते ओरडले! ‘वर्षभर झाडतेस, मला कुणी सांगितलं का नाही! लाल पूड पडते आणि तू केरात टाकतेस! आणि त्या ट्यूनरला नको कुणी म्हटलं?’ तुम्हीच, म्हटलं. ‘मग तू ऐकलंस कशाला?’ जिन्यात कुणीतरी दार उघडून बघितलं. मी हसत होते आणि रडत होते आणि ते ओरडतच होते.

मग एकदम खाली बसले. म्हणाले, ‘तरी कान गेलेच असतील. वय झालं. तू ट्यूनरला बोलव, दुरुस्त करू, पण तू त्या नोकरीला हो कळव. मी थोरलीकडे जाईन, ठरलंय माझं.’

मी म्हटलं, कुठली नोकरी?

‘मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात फोनवर बोलत होतीस ती. ऑफिसच्या बाईंना मुदत वाढवून मागत होतीस. घरची अडचण आहे म्हणालीस. घरची अडचण मीच ना? म्हणून तर थोरलीला हो म्हटलं.’

ताई, मी दार लावून घेतलं होतं. नळ सोडला होता, मुद्दाम, धो धो. आणि मी कुजबुजत होते.

मी त्यांना तेच सांगितलं. बाबा, नळ चालू होता. ते म्हणाले, ‘हो, ऐकू येत होता ना.’ आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं. त्यांनी हळूच स्वतःच्या कानाला हात लावला, आपलाच आहे ना असं बघतात तसा.

लॅपटॉप आला, नवा पडदा लावून. पहिली मेल ऑफिसला टाकली. बाबा मागे उभे राहून वाचत होते आणि दोन ठिकाणी भाषा सुधारायला सांगितली. सुधारली नाही.

भिंगरी


२५ एप्रिल

थोरलीस,

आशीर्वाद तुला आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

कोट पोचला. रफूवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. पाठीवर नीट बघितलं तर जागा दिसते, आणि मी वाजवायला बसलो की लोकांना पाठच दिसते. दिसू दे. इस्त्री तुमच्याकडची चांगली आहे, पण कॉलरला मी परत केली.

ट्यूनर आतला सगळा सांगाडा काढून घेऊन गेला होता. परत आणून बसवेपर्यंत महिना गेला. मला फार बोलला. म्हणाला, ‘इतकी वर्षं वाजवता आणि गादी गेलेली कळली नाही?’ मी काय सांगणार. गेल्या आठवड्यात एक मुलगी शिकायला आली, तळमजल्यावरच्या शिंपिणीची. तिने चुकीचं वाजवलं आणि माझ्याकडे भीत भीत बघून म्हणाली, पट्टी अडकते. मी उठून आधी पट्टी बघितली. अडकत नव्हती, पोरगी आळशी आहे. पण आता आधी बघतो.

तुझी मागची खोली तशीच असू दे. पावसाळ्यात येईन चार दिवस, राहायला, कायमचा नाही. शिंपीण रोज डोकावते, जिन्यातले सगळे डोकावतात, भिंगरी सगळ्यांना माझ्यावर नेमून गेली आहे. फळी दर आठवड्याला उघडून झटकतो. फ्रीजरमध्ये पुन्हा बर्फ आहे.

ती गेली त्या दिवशी सामान दारात, गाडीची वेळ झालेली, आणि ही घरभर गोल फिरतेय. किल्ली दिली का, गॅस बंद आहे का, कपाट लावलं का. मी वाजवायला बसलो. मग ती दारातच उभी राहिली. शेवटी मलाच थांबून सांगावं लागलं की आता जा, गाडी चुकेल.

घर फार शांत आहे. कुणी कपाटं आपटत नाही. मला करमत नाही, हे तुला म्हणून सांगतो, तिला कळवू नकोस.

रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मी फोन पियानोवर ठेवतो आणि वाजवतो. ती बोलत नाही. जन्मात पहिल्यांदा ही मुलगी एका जागी बसून ऐकते, म्हणजे बसली असेल असं मी धरून चालतो. काल मी तुमच्या आईला आवडायचा तो तुकडा वाजवला. संपल्यावर तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, अगदी बारीक, तोंडावर रुमाल धरून.

मला स्पष्ट ऐकू आला.

बाबा